ऐकंना झालंय

हे गेले तेव्हा कुत्रं त्यांच्याबरोबर रानात होतं, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे पुढचे दोन-तीन महिने लोक त्या कुत्र्याविषयीच जास्त बोलले. मला ते बरं पडलं. माझ्याविषयी बोलणं तेवढं कमी झालं.

मी मूळची सांगलीची. लग्न करून कडेगावजवळच्या या गावात आले, त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली. हे सैन्यात होते. सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि घरी येऊन ऊस बघायला लागले. आल्या आल्या पहिल्याच हिवाळ्यात ते वडूजच्या एका जुन्या सोबत्याला भेटायला गेले आणि येताना पिशवीतून पिल्लू घेऊन आले. तांबूस रंगाचं, एक कान मोडलेलं. नाव ठेवलं ते एका अधिकाऱ्याचं. त्या साहेबांनी यांना एकदा रजा नाकारली होती. ते गृहस्थ अजून हयात असतील, म्हणून नाव लिहीत नाही. घरात दुसरं कोणी ते नाव घ्यायचंही नाही. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, 'यू यू' करायच्या. मी ताटली वाजवायची. हे मात्र दोन बोटं तोंडात घालून शिटी मारायचे. उसाच्या पार पलीकडच्या टोकाला असलं तरी कुत्रं सरींतनं वाट काढत यायचं.

भाद्रपदात एका सकाळी हे मोटर चालू करायला विहिरीवर गेले. जेवायच्या वेळेला आले नाहीत. फोन नुसता वाजत राहिला. मी भाकरी झाकून ठेवली आणि शेजारच्या रानात काम करणाऱ्या माणसाला फोन लावला. तो बघायला गेला. हे मोटरीच्या खोलीमागं बांधावर पडले होते. थोड्या अंतरावर बाभळीखाली खताच्या रिकाम्या पोत्यावर कुत्रं झोपलेलं होतं. त्या माणसानं यांना हलवलं, हाका मारल्या, मग ओरडत रस्त्याकडं पळाला. तोवर कुत्रं उठलंसुद्धा नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. क्षणात गेले असणार.

त्यानंतरचं मला तुटक तुटक आठवतं. दारात चपलांचा ढीग. कोणीतरी सतत चहा करत होतं आणि प्रत्येक कपात साखर जास्त होती. राजस्थानात नोकरीला असलेला माझा मुलगा विमानानं पुण्याला आणि तिथून गाडीनं आला. तो रडला, आत्ती रडल्या, कवठे महांकाळला दिलेल्या माझ्या नणंदबाई रडता रडता दोनदा खाली बसल्या. मी रडले नाही. रडू दाबून ठेवलं होतं असंही नव्हतं. आत काही हलतच नव्हतं. बाया मला मिठी मारायच्या आणि मी त्यांच्या खांद्यावरून परसातल्या दोरीवरचे कपडे वाळले का ते बघायची.

"रड की गं बाई, मोकळी हो," एक म्हातारी म्हणाली.

"व्हय," मी म्हटलं.

दहावं-तेरावं झालं, माणसं पांगली. मुलाची रजा संपली, तो गेला. घरात आत्ती आणि मी उरलो. तेव्हा कुठं कुत्र्याकडं लक्ष गेलं. ते दिवसभर फाटकात बसून असायचं, रस्त्याकडं तोंड करून. हाक मारली तर वळायचं नाही. ताटली वाजवली तर यायचं नाही. समोर नेऊन ठेवली की मात्र सगळं खायचं.

आमचे चुलत दीर शेजारीच राहतात. मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे त्यांचं. त्यांनी एक दिवस फाटकातल्या कुत्र्याचं चित्रण केलं. मागून हाका मारतानाचा त्यांचाच आवाज, आणि कुत्रं हलत नाही, रस्त्याकडं बघत बसलंय. त्याला एक दुःखी गाणं लावलं आणि खाली लिहिलं, 'फौजी मालकाची वाट बघणारं इमानी जनावर.' ते पार कुठं कुठं गेलं. कडेगावातून, विट्याहून अनोळखी माणसं मोटारसायकलवरून येऊन फाटकात उभी राहायची, कुत्र्याबरोबर फोटो काढायची. एका बाईनं तर त्याला हार आणला होता. ती डोळे पुसत मला म्हणाली, "जनावराला कळलं बघा." मग तिनं माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं. माझे डोळे कोरडे होते. तिला काय वाटलं असेल ते मला समजलं, पण त्याचंही काही वाटलं नाही. मी तिला पाणी दिलं.

आत्तींचं मात्र उलटं होतं. त्या कुत्र्याला पूर्वी रोज आपल्या ताटातला भाकरीचा तुकडा द्यायच्या, तो त्यांनी बंद केला. ते समोरून गेलं की तोंड फिरवायच्या. एकदा भांडी घासता घासता त्या बोलल्या.

"संगं हुतं की त्याच्या. मग भुकलं का न्हाई? येरवी साध्या मांजरावर घसा फोडतंय. धनी पडला तवा झोपलं निवांत."

मी म्हटलं, "आवं आत्ती, जनावर हाय ते."

"जनावर हाय म्हनून तर म्हंते. त्येला कळाया पायजे हुतं."

म्हणजे गावाच्या दृष्टीनं ते कुत्रं इमानी होतं आणि आत्तींच्या दृष्टीनं बेइमान. मी दोन्ही ऐकून घेत होते.

दिवाळीच्या आधी नणंदबाई पुन्हा आल्या. दुपारी जेवणं झाल्यावर त्या ओट्यावर गेल्या. कुत्रं पायरीशी झोपलं होतं. 'माझ्या दादाचं कुत्रं गं,' म्हणत त्यांनी वाकून त्याच्या पाठीवर हात ठेवला. कुत्रं एकदम उसळलं आणि मनगट धरलं. लगेच सोडलंही. सोडून मागं सरकलं, शेपूट पायात घालून भिंतीला चिकटलं. ज्याला मारायला उठलेत त्यानं बघावं तसं आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडं बघत होतं. नणंदबाईंच्या हाताला रक्त आलं होतं. ओरडा झाला, दीर धावत आले, गाडी काढून त्यांना सुया टोचायला घेऊन गेले.

संध्याकाळी दीर म्हणाले, "वैनी, पिसाळलंय ते. न्हाईतर डोकं फिरलंय दुःखानं. घाटाकडं सोडून येतो लांब."

यांनी दर वर्षी न चुकता त्याला लस टोचून आणली होती, हे मी सांगितलं. सुया टोचणाऱ्या डॉक्टरांनीही, थोडे दिवस बांधून ठेवा, लक्ष ठेवा, असंच सांगितलं होतं. म्हणून ते परसात लिंबाला बांधलं. खरं सांगायचं तर दिरांनी त्याच दिवशी नेलं असतं तरी मी अडवलं नसतं. त्या दिवसांत मी कशालाच अडवत नव्हते.

बांधल्यामुळं त्याला खायला घालायचं काम माझ्याकडं आलं. पूर्वी ते आमच्या पायांत सारखं घोटाळत असायचं, त्यामुळं त्याच्याकडं नीट कधी बघितलंच नव्हतं. आता दिवसातून दोनदा समोर उभी राहायची. ते झोपलेलं असलं की मी ताटली दगडावर ठेवायची, स्टीलची ताटली, चांगला खणकन आवाज व्हायचा. ते झोपलेलंच. माझी सावली अंगावर पडली किंवा वाऱ्यानं वास गेला की मगच डोळे उघडायचं, आणि उघडल्यावर दचकायचं. पिसाळलेलं म्हणावं तर पाणी प्यायचं, शेपूट हलवायचं, माझा हात चाटायचं. भुंकायचं कमी, पण भुंकलं की आवाज विचित्र यायचा, मोठा आणि सपाट, थांबायचं कुठं ते त्याला कळत नसल्यासारखा.

लक्ष्मीपूजनाला आमच्या घरी काही नव्हतं. दुखवट्याचं वर्ष. दारात एक पणती लावून आत्ती आत जाऊन पडल्या. गल्लीत मात्र पोरांनी फटाके लावले. हे कुत्रं फटाक्यांना इतकं भ्यायचं की दर दिवाळीला लोखंडी कॉटखाली शिरून थरथरायचं, आणि हे त्याच्याजवळ जमिनीवर बसून ट्रान्झिस्टर मोठ्यानं लावायचे. आता ते बाहेर बांधलेलं आहे, दावं तोडेल, गळ्याला फास बसेल, असं वाटून मी परसात गेले. भिंतीपलीकडं माळ फुटत होती. मी स्वतः कानांवर हात ठेवले होते.

कुत्रं झोपलं होतं. अंगाचं मुटकुळं करून, नाक शेपटीत खुपसून. माळ संपली, एक सुतळी बॉम्ब फुटला, स्वयंपाकघरातली भांडी किणकिणली. त्याचा मोडका कानसुद्धा हलला नाही.

मी तिथंच कपडे धुवायच्या दगडावर बसले. याला ऐकू येत नाही, हे मला तेव्हा कळलं. कोणीतरी साधा निरोप सांगावा तसं कळलं. आणि मग त्यामागोमाग एकेक गोष्ट येऊन उभी राहिली. ताटली. फाटक. नणंदबाईंचा हात. बाभळीखालचं पोतं.

दिवाळीनंतर मी त्याला आधी कडेगावच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांचा सगळा दिवस गाई-म्हशींत जातो. त्यांनी कानात बॅटरी मारून बघितलं. मळ नाही, पू नाही, जखम नाही, म्हणाले. "सांगलीला दाखवा. तिथं कुत्र्या-मांजरांचे वेगळे डॉक्टर आहेत." सांगलीत माझा भाऊ असतो. दिरांच्या गाडीत मागच्या सीटवर गोणपाट टाकून कुत्र्याला नेलं. भाऊ दवाखान्याच्या दारातच भेटला.

डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी आधी मला बरंच विचारलं. हाक मारली तर कधीपासून येत नाही? झोप गाढ झाली आहे का? दार वाजलं तर भुंकतं का? मागून हात लावला की दचकतं का? मी सांगत गेले. मग त्यांनी माझ्या हातात बिस्किट दिलं आणि कुत्र्यासमोर धरायला सांगितलं.

"तुम्ही फक्त त्याच्या कानांकडं बघा," त्या म्हणाल्या.

त्या मागं जाऊन उभ्या राहिल्या. किल्ल्यांचा जुडगा वाजवला. रबरी खेळणं दाबून चिरकं वाजवलं. शेवटी लोखंडी ट्रेवर चमचा आपटला, तेव्हा माझा भाऊ दचकला. कुत्रं बिस्किटाकडं बघत होतं. मग त्यांनी फरशीवर पाय आपटला. त्याबरोबर ते गर्रकन वळलं.

"ऐकलं की," भाऊ म्हणाला.

"ऐकलं नाही. पंजांना जाणवलं," डॉक्टर म्हणाल्या. "घरच्यांची अशीच फसगत होते. पाय वाजला की वळतं, दाराची हवा लागली की वळतं. आपल्याला वाटतं ऐकतंय."

मी विचारलं, "अचानक झालं असेल का? धक्क्यानं?"

"वाटत नाही. वय झालंय त्याचं. हळूहळू गेलं असणार, वर्षभरात, कदाचित त्याहूनही आधीपासून. बारीक, उंच आवाज बहुतेक आधी जातात. शिटी, घंटी असले. जाड आवाज थोडे दिवस टिकतात. कुत्रं नाकावर आणि डोळ्यांवर भागवतं, म्हणून कोणाला पत्ता लागत नाही. हे घरात कोणाच्या मागं-मागं असायचं का?"

"यांच्या," मी म्हटलं. "दिवसभर."

"मग ते त्यांच्याकडं बघून वागत असणार. ते उठले की उठायचं, ते वळले की वळायचं. आता बघायला माणूस राहिलं नाही."

मी विचारलं, "म्हणजे फाटकात बसतं ते वाट बघत नाही?"

डॉक्टर म्हणाल्या, "ते मी कसं सांगू? बघतही असेल. पण फाटकात बसलं की येणारा-जाणारा डोळ्यांना दिसतो. बहिरं कुत्रं अशी जागा धरतं."

शिटी म्हटल्यावर मला आठवलं. शेवटच्या उन्हाळ्यात यांचा पुढचा एक दात काढला होता. त्यानंतर कुत्रं शिटीला येईना. हे दोनदा, तीनदा शिटी मारायचे, मग चिडून स्वतः चालत जायचे. "ऐकंना झालंय," म्हणायचे. नंतर त्यांनी ठरवलं की चूक कुत्र्याची नाही, दाताच्या फटीतून हवा जाते, म्हणून शिटी बिघडली आहे. रोज सकाळी ते बेसिनच्या आरशासमोर उभे राहून शिटीचा सराव करायचे. बोटं अशी घालून बघ, तशी घालून बघ. आत्ती आतून ओरडायच्या, "आरं, घरात शिट्ट्या मारू ने, दळिद्री येती!" सुभेदार माणूस, पांढऱ्या मिशा, गंजीफ्रॉकवर, गाल फुगवून. शिटी पहिल्यापासून चांगलीच वाजत होती.

हे मी डॉक्टरांना सांगायला लागले आणि मला हसू आलं. आलं ते थांबेना. टेबलाला धरून मी हसत होते, कुत्रं माझ्या तोंडाकडं बघून शेपूट हलवत होतं. भाऊ ओशाळून डॉक्टरांना म्हणाला, "हिचे मिस्टर गेलेत आत्ताच." डॉक्टरांनी मान हलवली आणि माझ्यापुढं पाण्याची बाटली ठेवली. थोड्या वेळानं हसू आपोआप बंद झालं. नंतर पुन्हा आतलं सगळं पहिल्यासारखं झालं.

यावर औषध नाही, असं त्यांनी सांगितलं. म्हातारपणाचा आहे हा प्रकार, दुखत नाही. खात्री करून घ्यायची मोठी तपासणी मोठ्या शहरात होते, पण तिची गरज नाही. काय सांभाळायचं ते सांगितलं. झोपलेल्याला हात लावायचा नाही. आधी जमिनीवर पाय आपटायचा किंवा नाकापाशी हात धरायचा. रस्त्यावर मोकळं सोडायचं नाही. हाका मारण्याऐवजी हाताच्या खुणा करायच्या, रोज त्याच आणि घरातल्या सगळ्यांनी सारख्याच. "म्हातारं कुत्रंही शिकतं," त्या म्हणाल्या. "त्याला चावायचं नव्हतं. झोपेत अंगावर कोणीतरी आलं, एवढंच त्याला कळलं."

घरी आलो तेव्हा आत्ती ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. मी शेजारी बसले.

"आत्ती, त्याला ऐकाया येत न्हाई. बहिरं झालंय. वरीस झालं असंल म्हणं."

त्यांचे हात थांबले नाहीत. दोन-चार शेंगा फोडून झाल्यावर त्या म्हणाल्या, "तवा बी येत नसंल?"

"नसंल."

"म्हंजी त्यानं हाळी दिली असंल तरी…"

"न्हाई ऐकली त्यानं."

आता हात थांबले. त्या परसाकडं बघत होत्या. "दिली असंल का गं?"

हा प्रश्न मला आधी पडला नव्हता, असं नाही. मी म्हटलं, "डॉक्टर म्हणालं की, एका दमात गेलं. हाळी द्यायला सवड घावली नसंल." मला ठाऊक नव्हतं, आणि डॉक्टरांनाही ठाऊक असणं शक्य नव्हतं. पण तेवढंच सांगण्यासारखं होतं.

आत्ती काठी टेकत उठल्या. कुत्रं प्रवासानं दमून लिंबाखाली झोपलं होतं. त्या त्याच्यापासून काही अंतरावर उभ्या राहिल्या आणि काठी जमिनीवर आपटली. एकदा, मग जरा जोरात. कुत्र्यानं डोकं उचललं. आत्ती गुडघ्यावर हात देत कष्टानं खाली बसल्या आणि त्याच्याकडं बघत राहिल्या. ते सरपटत पुढं आलं आणि त्यांच्या पायावर हनुवटी टेकली. त्या रडायला लागल्या. मी शेंगांची टरफलं गोळा केली, सूप उचललं आणि आत नेऊन ठेवलं.

दिरांना सांगितलं तेव्हा ते ओशाळले. मग म्हणाले, "वैनी, लोकांना आता कशाला सांगायचं? लय जणांनी बघितलंय ते. वाट बघत न्हवतंच, असं बी डॉक्टर म्हणाल्या न्हाईत की." चित्रण तसंच राहिलं. अजूनही कोणीतरी कधीतरी फाटकात येऊन फोन धरतं. मी काही बोलत नाही. फक्त मागून हात लावू नका, एवढं सांगते.

नणंदबाईंना फोनवर सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग मी त्येला उगंच शिव्या दिल्या." संक्रांतीला आल्या तेव्हा लांबूनच पाय आपटत आपटत आल्या, इतक्या जोरात की आत्तींना वाटलं भांडायलाच आल्यात.

खुणा मी शिकवल्या. हात वर केला की ये. तळवा खाली केला की बस. भाकरीचा तुकडा हातात ठेवून केलं की लवकर जमलं. ज्या दिवशी तुकडा नसायचा त्या दिवशी त्याला दिसायचंही बंद व्हायचं. आत्ती 'ये' म्हणून दोन्ही हात वर करतात, पदर सावरत. तेही त्याला कळतं. गळ्यात एक घुंगरू बांधलंय, त्याच्यासाठी नव्हे, आमच्यासाठी; कुठं आहे ते आम्हाला कळावं म्हणून.

आणि रोज संध्याकाळी मी त्याला दोरी लावून कॅनॉलच्या रस्त्यानं फिरवून आणते. आमच्या गावात बाई कुत्र्याला दोरी लावून फिरायला निघाली, असं कधी कोणी बघितलं नव्हतं. सुरुवातीला पारावरची माणसं बोलणं थांबवायची. एकानं विचारलंच, "वैनी, कुत्रं पळून जातंय का काय?"

"ऐकाया येत न्हाई त्याला," मी म्हटलं.

"आन् दिसतंय का?"

"दिसतंय की."

"मग झालं तर," तो म्हणाला.

पुढं जाताना ते थोड्या थोड्या वेळानं मागं वळून बघतं. मी आहे हे बघितलं की पुन्हा चालायला लागतं. मला त्यानं बरं वाटतं का, हे मला सांगता येणार नाही. अजून बऱ्याच गोष्टींचं मला सांगता येत नाही. मुलगा फोनवर विचारतो, आई बरी आहेस का, तेव्हा मी जेवले का ते सांगते.

काल कारखान्याकडं जाणारा उसाचा ट्रॅक्टर मागून आला. दोन ट्रॉल्या, वर डोलणारा ऊस, टेपवर मोठ्यानं गाणं, आणि वर हॉर्न. कुत्रं रस्त्याच्या मधोमध माती हुंगत होतं. मी दोरी हाताला गुंडाळत त्याला कडेला ओढलं आणि त्याच्या अंगाला पाय लावून उभी राहिले. ट्रॅक्टर अगदी शेजारून गेला, तेव्हा कुठं त्यानं मान वर करून बघितलं. ट्रॉलीतून एक ऊस खाली पडला. धुरळा बसेपर्यंत आम्ही थांबलो, मग मी तो ऊस उचलला आणि आम्ही पुढं निघालो.